उलटं मोजणाऱ्या पंचफुलाबाई

सन दोन हजार तेरा. मला एकसष्टावं लागलं होतं. निदान शाळेच्या दाखल्यावर तरी तसं आहे. आई सांगायची की मास्तरांनी माझे दात पाहून जन्मतारीख लिहिली, तेव्हा वर्ष-दोन वर्षं इकडंतिकडं धरा. त्या साली ऐन फागुनात, उन्हाळी धान वीतभर झालेलं असताना, माझी बोडीवरची, म्हणजे शेतातल्या तळ्यावरची, मोटर जळाली. ती काळीपिवळी जीपमध्ये टाकून मी सिंदेवाहीला नेली. बस स्टँडच्या मागं टिनाच्या शेडमध्ये वायंडिंगचं दुकान होतं. आत एक बाई पोत्यावर बसली होती. साधं पातळ, कपाळ मोकळं, हातात पक्कड. मी विचारलं, मिस्त्री कुठं आहे? बाई उठून मोटरीजवळ आल्या, वाकल्या, आणि बाजारात मेथीची जुडी हुंगावी तशी त्यांनी मोटर हुंगली.

"भाऊ, तीन फेजातली एक गेली होती. दोघींवर सगळा भार पडला. तुमी तवा झोपले होते."

मी मोहाच्या झाडाखाली झोपलो होतो हे खरं होतं. पण मी सांगितलं की मी दिवसा झोपत नसतो. बाईंनी नुसती मान हलवली आणि खडूनं माझ्या मोटरीवर दहा आकडा टाकला. म्हणजे माझ्याआधी नऊ मोटरी.

या पंचफुलाबाई. माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान. ज्यांनी त्यांना पाहिलं नाही त्यांना त्या कशा होत्या ते सांगणं अवघड आहे, कारण दिसायला त्या कशाच नव्हत्या. गर्दीत उभ्या राहिल्या तर दिसायच्या नाहीत. पण तार गुंडाळायला लागल्या की त्यांचे हात पाहत राहावेसे वाटत.

दुकान त्यांच्या नवऱ्याचं. नवरा अचानक गेला तेव्हा शेडमध्ये लोकांच्या अकरा जळक्या मोटरी पडून होत्या. बाईंचं वय तेव्हा चव्वेचाळीस, शिक्षण सातवी, आणि मोटरीला त्यांनी कधी हातही लावलेला नव्हता. तेरवी झाली तसे लोक मोटरी उचलायला आले. बाईंनी एकेकाला सांगितलं, महिनाभर राहू द्या. नवऱ्यानं वही ठेवली नव्हती. कोणत्या मोटरीला किती वेढे, कोणती तार कोणाला जोडायची, सगळं त्याच्या डोक्यात होतं आणि डोकं तर जळून गेलं होतं. तेव्हा बाईंनी उलटं काम केलं. जळलेली मोटर घ्यायची, छन्नीनं तिची कॉईल कापायची, आणि तिच्यात किती तारा आहेत त्या मोजायच्या. जितक्या तारा तितके वेढे. कोणती कॉईल कुठून निघाली ते खडूनं लिहायचं. मग तसंच परत बांधायचं.

"बांधता नाई येत तं नाई," त्या म्हणत. "उकलता तं येते ना. जळाली ते खोटं नाई बोलत."

जोडणी डोक्यात बसेना म्हणून त्यांनी अंगणात रांगोळी काढली. गोलात छत्तीस ठिपके, मोटरीला खाचे असतात तितके, आणि या ठिपक्यातून त्या ठिपक्यात रेघा. रोज पुसायची, रोज काढायची. शेजारणीला वाटलं काही नवीन नमुना आहे. तिनं तो कागदावर उतरवून घेतला आणि ती बिचारी दिवाळीभर दारात पाच हॉर्सपॉवरची मोटर काढत होती. ही गोष्ट बाई सांगायच्या तेव्हा सांगताना हसायच्या नाहीत. ऐकणाराच हसायचा.

महिन्याभरात अकरातल्या नऊ मोटरी चालल्या. उरलेल्या दोन त्यांनी हात जोडून परत केल्या.

हे सगळं मला पुढं कळलं. त्या दिवशी मला एवढंच दिसत होतं की एका बाईच्या हाती माझी मोटर आहे आणि माझ्याआधी नऊ नंबर आहेत. मनात आलं, ही नक्की माझं तांबं बदलणार. म्हणून मी ठरवलं, मोटर सोडून जायचं नाही. सकाळच्या पहिल्या गाडीनं येत होतो, दारात पोत्यावर बसत होतो, शेवटच्या गाडीनं जात होतो. असे आठ दिवस. बाईंना कळलं असणार मी कशासाठी बसतो ते. तरी दुपारी स्वतःसाठी चहा सांगितला की माझ्यासाठीही सांगायच्या.

एवढा वेळ बसल्यावर माणूस पाहणारच. मी पाहत गेलो. लाकडाच्या फर्म्यावर तार गुंडाळायची, कॉईल उतरवायची, खाच्यात कागद घालायचा, त्यात कॉईल बसवायची, वरून बांबूची काडी ठोकायची म्हणजे तार बाहेर येत नाही. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, हे असं काऊन करता?

"मोटरले इचारा भाऊ. मले नका इचारू."

त्या तशाच होत्या. सांगायच्या काहीच नाहीत. पण हात जरा हळू चालवायच्या आणि कॉईल माझ्या बाजूला वळवून धरायच्या. तेव्हा मला वाटायचं, उजेडासाठी वळवतात.

एक गोष्ट मात्र त्यांनी सांगितली. तारेला नंबर असतो. मला वाटलं, नंबर मोठा तर तार जाड असेल. ती निघाली उलटी. नंबर वाढतो तशी तार बारीक होते. मी म्हणालो, हा कुठला न्याय? बाई म्हणाल्या, "वय वाढलं का मानूस बारीक होते. तसंच आहे." आणि माझ्याकडं पाहिलं. मी तेव्हाही सडपातळच होतो.

माझी मोटर झाली त्या दिवशी मी उगाच बोलून गेलो. म्हटलं, यात काय आहे, हे तर मीही करीन. बाईंनी कोपऱ्यातून एक जळका स्टेटर पायानं माझ्यापुढं सरकवला. स्टेटर म्हणजे मोटरीचा बाहेरचा गोल भाग, तार त्यातच बांधतात. "करा ना," त्या म्हणाल्या. "आठ दिवस बसले. हात रिकामे काऊन नेता?"

मी तिसरी पास, चौथी अर्ध्यावर सोडलेली. मराठी जोडून जोडून वाचतो. इंग्रजी आकडे सून वाचून देई. शालू, दहावी झालेली. तो स्टेटर मी पडवीत नेऊन ठेवला आणि चार वेळा बांधला, चार वेळा उकलला. गावात लोक म्हणायला लागले, केवळरामभाऊला म्हातारपणी चळ लागला. मी वही केली. उजव्या पानावर वेढे, डाव्या पानावर चित्र. चित्र काढताना रेघ वाकडी जायची, कारण माझ्या हाताला पेन्सिलीची सवय नव्हती, कुऱ्हाडीची होती.

दर सोमवारी सिंदेवाहीचा बाजार. मी पिशवीत एखादी कॉईल घालून न्यायचो आणि बाजाराच्या निमित्तानं दुकानात जायचो. बाई ती हातात घ्यायच्या, वजन केल्यासारखं करायच्या, आणि परत द्यायच्या. बरी आहे, वाईट आहे, काहीच नाही. मी मुद्दाम थांबायचो. एकदाच त्या बोलल्या, आणि ते कॉईलबद्दल नव्हतं. मी घरच्या बांबूच्या काड्या सोलून नेल्या होत्या. त्यांनी एका काडीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "ही काडी चांगली सोलली भाऊ." आता बांबू तर मी लहानपणापासून सोलतो. त्याचं कौतुक मला कोणी कधी केलं नव्हतं, आणि मला नकोही होतं. मला हवं होतं ते एवढंच की या बाईनं एकदा म्हणावं, भाऊ, ही मोटर बरोबर बांधली. बस. दोन वर्षं मी त्या एका शब्दासाठी सोमवार धरून होतो.

पंधरा साली माझी मोटर पुन्हा जळाली. या वेळी मी ती कोणाला दाखवली नाही. घरीच उकलली, जुन्या तारा शालूनं मोजल्या, मी वहीत लिहिलं. कॉईलला चाळीस वेढे, अशा अठरा कॉईली, प्रत्येक फेजला सहा. बारा मी गुंडाळल्या. मग मनगट सुजलं. उरलेल्या सहा शालूनं गुंडाळल्या, मी शेजारी बसून. जोडणी केली, वार्निश देण्याआधी चालवून पाहिली. फिरली. पाणी आलं. पण गुणगुण करत होती, आणि अर्ध्या तासात इतकी तापली की हात ठेववेना.

सोमवार नव्हता तरी नेली. दुकानात आमच्याच बाजूचे दोन शेतकरी बसले होते. बाईंनी मोटर हुंगली नाही, चालू केली आणि एकेका तारेला चिमटा-मीटर लावून पाहिलं. "दोघी बरोबर खातात," त्या म्हणाल्या, "तिसरी जास्त ओढून राह्यली." मी म्हणालो, अठराच्या अठरा कॉईली चाळीसच्या आहेत, माझ्यासमोर मोजल्या आहेत. बाईंनी फर्मा माझ्या हातात दिला. "गुंडाळा पाहू एक. मोठ्यानं मोजा."

मी सुरू केलं. "लाभ, एक, दोन, तीन..."

बाईंनी हात वर केला.

आता हे समजून घेतलं पाहिजे. आमच्याकडं खळ्यावर धान मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. बहुतेक लोक लाभानंतर दोन म्हणतात. पण आमच्या घराची रीत वेगळी. बाप म्हणायचा, लाभाचं माप देवाचं, ते मोजणीत धरायचं नाही. म्हणून लाभ, मग एक. आणि वीस झाले की पुन्हा लाभ. जन्मभर मी काहीही मोजलं तरी तसंच मोजलं. जिभेला ते कळतही नव्हतं. तर माझी चाळीस वेढ्यांची कॉईल बेचाळीसची झाली होती. शालू शाळेत शिकलेली, तिनं एकपासून मोजलं, तिच्या चाळीसच राहिल्या, आणि तिच्या सहाच्या सहा तिसऱ्या फेजमध्ये बसल्या होत्या. ज्या फेजला वेढे कमी, ती जास्त ओढते.

बाई हसल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांना तोंड उघडून हसताना पाहिलं.

"भाऊ, मोटर धान नाई होय. तिच्यात देवाचा वाटा नाई राहत."

ते दोघे शेतकरी तर लोळायचेच बाकी राहिले. एकानं विचारलं, भाऊ, कुडवानं मापली का पायलीनं? बाईंनी चहा सांगितलेला होता, तो येत होता. मी थांबलो नाही. मोटर उचलली, कंबरेत कळ आली तरी उचलली, आणि निघालो. मागून त्यांनी हाक मारली, "भाऊ, चहा तं घ्या." मी वळलो नाही.

घरी जाऊन माझ्या बाराच्या बारा कॉईली काढल्या आणि तोंडात सुपारी धरून, म्हणजे जिभेनं लाभ म्हणू नये, मनातल्या मनात एकपासून मोजून नव्या बांधल्या. मोटर चालली. दिवसभर चालली, हात ठेवला तर गार. त्या संध्याकाळी मी बांधावर बसून ती ऐकत होतो आणि मला कोणाला तरी सांगायचं होतं. कोणाला ते मला माहीत होतं. पण गेलो नाही. दुसऱ्या दिवशी चौकातल्या टपरीवर लोकांनी विचारलं, भाऊ, हे कोनापाशी शिकले? मी म्हणालो, "कोनाच्या बापापाशी नाई. सोताच शिकलो."

ते वाक्य सिंदेवाहीला पोचायला एक सोमवार पुरला. बाजारात बाई कांदे निवडत होत्या. मला पाहून उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता बोलणार. बोलल्या, पण साध्या आवाजात, कांदा हातातच ठेवून.

"आयकलं, तुमी सोताच शिकले. खरं आहे भाऊ. मी कुठी शिकवलं?"

टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं. मला उत्तरं येतात. तो टोमणा नव्हता. मी मान हलवली आणि मिरच्यांकडं गेलो, आणि मिरच्या न घेता घरी आलो.

त्यानंतर सात वर्षं मी त्या दुकानाची पायरी चढलो नाही. पाच गावांच्या मोटरी माझ्याकडं येऊ लागल्या. तार आणायला मी ब्रह्मपुरीला जायचो, दुप्पट लांब, कारण सिंदेवाहीला उतरलं की पाय त्या शेडकडं वळायचे. वार्निशचा डबा उघडला की तो वास यायचा आणि मी क्षणभर त्या दारातल्या पोत्यावर बसलेला असायचो. एखादी मोटर अडली की मी पडवीत कोणी नाही ते पाहून तिला हुंगायचो. मला काही कळत नसे. बाईंना त्यात काय कळायचं देव जाणे. पण हुंगल्यावर अडलेलं सुटायचं. शालू एकदा म्हणाली, "मामाजी, एकडाव जाऊन या ना त्या बाईकडं." मी तिच्यावर ओरडलो. ओरडल्यावर तिला कळलं ते कळलंच.

बावीस साली कोणीतरी सांगितलं की दुकान बंद झालं. साखरेनं बाईंचे डोळे गेले, मुलीनं त्यांना चंद्रपूरजवळ ऊर्जानगरला नेलं. जावई तिथल्या वीज केंद्रात आहे. मी महिना काढला. मग घरच्या तांदळाची थैली घेतली आणि निघालो. बसमध्ये पूर्ण रस्ताभर एकच वाक्य पाठ करत होतो, शाळेत कविता पाठ करावी तसं. बाई, मी खोटं बोललो, तुमीच शिकवलं.

क्वार्टरच्या गॅलरीत बाई खुर्चीवर बसल्या होत्या. समोर वीज केंद्राची मोठी धुराडी. मी दोन शब्द बोललो तशी मान वळवली. "केवळभाऊ," त्या म्हणाल्या. "आवाज तसाच आहे. मोटर कोनती आणली?"

मी म्हणालो, मोटर नाही आणली, तांदूळ आणला. मग मोटरींच्याच गोष्टी निघाल्या. एक मोटर उलटी फिरते, एकीत कागद टिकत नाही. त्या डोळे मिटून ऐकत होत्या आणि मांडीवर बोटं चालत होती, तार गुंडाळल्यासारखी. मी वाक्य जिभेवर आणलं होतं. तेवढ्यात मुलगी चहा घेऊन आली, मागून जावई ड्यूटीवरून आले, कंपनीचे कपडे, छातीला ओळखपत्र. मुलीनं सहज विचारलं, "तुम्ही आईपाशीच शिकले ना भाऊ?"

विजेच्या कारखान्यातला तो शिकलेला माणूस माझ्याकडं पाहत होता. आणि माझ्या तोंडून निघालं, "बसल्या बसल्या थोडंफार पाह्यलं होतं."

बाईंची बोटं थांबली. मग त्या म्हणाल्या, "हो. भाऊचं डोकं पहिल्यापासून चांगलं."

मी चहा पूर्ण प्यालो. खाली आलो, बस थांब्यावर उभा राहिलो, परत वर जायचं ठरवलं, जिन्यापर्यंत गेलोही. चंद्रपूरची बस आली. मी चढलो. मनाला सांगितलं, धान निघू दे, दिवाळीनंतर येऊ आणि एकटं गाठून सांगू. माणूस एकसष्टाचा असो की सत्तराचा, पुढच्या वेळी असं म्हणायला त्याला लाज वाटत नाही.

धान निघालं. मळणी झाली. मार्गशीर्षात एका संध्याकाळी शालूनं फोन आणून दिला. बाईंची मुलगी होती. आई गेली म्हणाली, सकाळीच नेलं, घाईत कळवता आलं नाही. मी विचारलं, काही म्हणाल्या का? मुलगी म्हणाली, नाही भाऊ, शेवटचे तीन दिवस बोलणं नव्हतं. मी फोन शालूला परत दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडल्यावर मी चौकात गेलो. टपरीच्या भिंतीला लागून मारोती न्हाव्याची खुर्ची असते. थंडीमुळं दहा-बारा माणसं चहाला जमली होती. मी खुर्चीवर बसलो आणि सांगितलं, सगळे केस काढ, मिशीसुद्धा. मारोतीचा वस्तरा हातातच राहिला. आमच्याकडं घरचं माणूस गेल्याशिवाय कोणी मिशी देत नाही.

"कोन गेलं भाऊ? घरी तं सगळे ठीक दिसले मले."

"सिंदेवाहीच्या पंचफुलाबाई."

"त्या कोन तुमच्या?"

टपरीवरच्या माणसांनी माना वळवल्या होत्या. मी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"वायंडिंग मले त्यायनं शिकवलं," मी म्हणालो. पुरेसं मोठ्यानं म्हणालो.

मारोतीनं वस्तरा खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, केस दहाव्याला देतात भाऊ, आज नाही. मी म्हणालो, आजच काढ. आणि मान खाली घातली.